न बुडलेला गणपती आणि एक चितळ

१५ जून, रविवार

ही डायरी जानेवारीत ऑफिसात कुणीतरी दिली होती. लेखापरीक्षण खात्यातल्या माणसाला लोक डायरीच देतात. ती लाचही ठरत नाही आणि कौतुकही. साडेपाच महिने ती डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली होती. आज काढली, कारण आज काहीतरी घडलं. टेबल आता डगमगतंय, तेवढं अक्षराला माफ.

लीनाला तळ्यात मासा धडकला.

सॉल्ट लेकमधल्या आमच्या सोसायटीच्या आवारात एक तळं आहे, इथल्या भाषेत पुकुर. लीना सांगलीची, कृष्णाकाठची. पोहता येणं हा तिला गुण वाटत नाही, पण न येणं हा दोष वाटतो. मला येत नाही. गेली अकरा वर्षं ती रोज पहाटे घाटाच्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरते आणि मी उठायच्या आत केस पुसत परत येते. आज लवकर आली. पोटरीवर कंगव्याने ओरखडावं तशा रेघा आणि भोवती निळसर डाग.

"काय होतं?" मी विचारलं.

"मासा," ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.

मी म्हटलं, कोलकात्यात मासा माणसाने खायचा असतो, हा उलटा कारभार कसा. ती हसली नाही. दुखत असणार.

संध्याकाळी तिने सांगितलं की तिने सांगलीला जायचं तिकीट काढलंय, तीस तारखेचं. भावाच्या घराचा वरचा मजला रिकामाच आहे. परतीचं कधीचं, असं विचारल्यावर म्हणाली, "बघू." शिवाय माळ्यावरचं लाकडी खोकं खाली काढून द्यायला सांगितलं. नागपूरहून बदली झाली तेव्हा आमचं सामान त्या खोक्यातून आलं. तीन वर्षांनी परत लागेल म्हणून ठेवलं होतं, त्याला अकरा झाली. त्यातून काही सामान ट्रान्सपोर्टने मागाहून पाठवायचं म्हणते.

तिकीट शुक्रवारी काढलेलं दिसतं आणि मासा धडकला आज. म्हणजे शुक्रवारीही तिला पाण्यात काही जाणवलं असणार, बोलली नसेल. लीनाचं तसंच आहे. आमची अमृता नोकरीसाठी हैदराबादला गेल्यापासून तिला या शहरात तळ्याशिवाय काही उरलेलं नाही. तळं गेलं की कोलकाता गेलं. कारण सापडलं, आता उपाय. मासा काढला की ती पोहेल, पोहली की राहील.

ऑडिट इतकं सोपं नेहमी नसतं.

१६ जून, सोमवार

तळमजल्यावरच्या भादुरीबाबूंकडे गेलो. वीज मंडळातून निवृत्त झालेले, आणि तिकीट काढून मासे धरणारे. इथे काही तळ्यांवर दिवसभर गळ टाकून बसण्याचं तिकीट मिळतं. दिवस संपेपर्यंत काही लागलं नाही तरी कुणी तक्रार करत नाही. आपल्याकडे असल्या प्रकाराला उपासना म्हणतात.

मी वर्णन सांगायच्या आतच ते म्हणाले, "चितल." इथे चितळ म्हणजे हरीण नव्हे, मासा. नदीचा मासा, गंगेचा. ज्या वर्षी मोठ्या वादळात कालव्याचं पाणी आवारात शिरलं, त्या वर्षी आला असावा, असं ते म्हणतात. पाणी ओसरलं, मासा राहिला. माझ्यासारखाच, बदलीवर येऊन.

मग त्यांनी मला चितळ समजावून सांगितला, पण स्वयंपाकघराच्या बाजूने. आकार सुरीच्या पात्यासारखा चपटा, रंग चांदीचा, पाठीला कुबड, पोटाखालून शेपटीपर्यंत एकच लांबलचक पर, जणू साडीची किनार. पाठीचं मांस काट्यांनी भरलेलं, म्हणून ते खरवडून त्याचे गोळे करतात, त्याला मुइठ्या म्हणतात. पोटाकडचा तुकडा म्हणजे पेटी. पेटीबद्दल बोलताना भादुरीबाबूंनी डोळे मिटले. शिकार करतो संध्याकाळी आणि अंधारात. छोटे मासे, कोळंबी, जे तोंडात मावेल ते. आणि दात जबड्यांवर तर असतातच, जिभेवरही असतात.

घरी येऊन मी हे लीनाला सांगितलं. माशाशी आमच्या घराण्याचा संबंध मत्स्यावतारापुरता, त्यामुळे मला हे सगळं नवं होतं.

"जिभेवर दात?" ती म्हणाली. "मग ओळखीचाच निघाला."

उत्तर चांगलं होतं. मी दाद दिली. ती कपाट आवरत होती, आवरत राहिली.

१८ जून, बुधवार

दोन संध्याकाळी फुकट गेल्या. भादुरीबाबूंच्या आमिषाची कृती गुप्त आहे. वासावरून तिच्यात मोहाची फुलं, तूप आणि एखादं जुनं पाप असावं. चितळासाठी मात्र त्यांनी जिवंत पुंटी लावली, बोटाएवढी मासोळी. ती चितळाच्या तोंडापुढून गेली, परत आली, पुन्हा गेली. त्याने ढुंकून पाहिलं नाही.

"आजारी आहे," भादुरीबाबू म्हणाले. "खात नाही म्हणजे आजारीच. बंगाली असो की मासा."

मासा आहे घाटाच्या डाव्या कोपऱ्यात. तिथून हलत नाही. अख्खं तळं रिकामं, आणि हा एका कोपऱ्यात मालकी सांगत बसलेला. आमच्या कार्यालयात असे दोन आहेत.

एक गोष्ट आज पाहिली ती लिहून ठेवतो. तो मधूनमधून वर येतो, तोंड पाण्याबाहेर काढून हवेचा घोट घेतो आणि वळताना एका कुशीवर झुकतो. त्या क्षणी त्याची सगळी चांदी एकदम चमकते. तीनचार फूट सहज असेल. कल्ले असूनही हवा गिळणारा मासा! भादुरीबाबूंना कारण विचारलं. ते म्हणाले, असतात सवयी. मला ते पुरलं नाही. फोनवर शोधलं: पाण्यात प्राणवायू कमी पडला तर या जातीला वरून घेता येतो. म्हणजे साचलेल्या पाण्यात गुदमरायचं नसेल तर कधीतरी डोकं बाहेर काढावं लागतं. लीनाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हो ना."

१९ जून, गुरुवार

ऑफिसातून लवकर निघालो आणि तळ्यावर जाऊन बसलो. तसं काही खास नाही. लक्ष ठेवावं म्हणून.

लीनाला हल्ली देण्याचा झटका आलाय. गॅलरीतल्या कुंड्या शेजारणीकडे गेल्या, मोठा कुकर कामवालीकडे. मी म्हटलं, उद्या मी कुठे दिसलो नाही तर कुणाकडे चौकशी करायची? पुन्हा हसली नाही. विनोद वाईट नव्हता.

तिचा पोहण्याचा टॉवेल दोरीवर ओला होता. या हवेत वाळलेला कपडाही ओलाच लागतो म्हणा.

खोकं अजून माळ्यावरच आहे. सवड मिळाली की काढतो.

२१ जून, शनिवार

दत्तात्रयकाकांचा फोन. काका इथल्या मराठी मंडळाचे सगळ्यात जुने सभासद. ट्राम सगळीकडे जात होती तेव्हा आले. म्हणाले, कुमारटुलीच्या, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीतल्या, पालमोशायना (पालसाहेबांना) आपला सांगाडा हवाय. मला कळेना, कसला सांगाडा.

इथे मागच्या अनंत चतुर्दशीबद्दल लिहिणं भाग आहे. आमच्या मंडळाची मूर्ती दरवर्षी पेणहून यायची. एकदा सोंड वाटेतच विसर्जित झाली. तेव्हा मी म्हटलं, ज्या शहरात अख्खी गल्ली देव घडवते तिथे आपण पार्सलने देव का मागवतो? काकांनी विरोध केला, मंडळाने मला पाठिंबा दिला, आणि गोराचाँद पाल या मूर्तिकाराने आम्हाला सुंदर गणपती करून दिला. इथल्या पद्धतीचा: आत लाकडाची चौकट, तिच्यावर बांधलेला पेंढा, वर गंगेची माती.

विसर्जन आमच्याच तळ्यात केलं. मोरया म्हणून झालं, मूर्ती सोडली, माती विरघळली आणि बाप्पा परत वर आले. लाकूड आणि पेंढाच तो, तरंगणारच. पण आपल्याला ठाऊक असलेला गणपती बुडतो. काका पांढरेफटक पडले. मी म्हणालो, आपण पुढच्या वर्षी लवकर या म्हटलं, ते त्यांनी जरा जास्तच मनावर घेतलं. त्यावरही कुणी हसलं नव्हतं. मग पार्किंगच्या कामातून उरलेले फरशीचे दोन ठोकळे आणले, मी स्वतः नायलॉनच्या दोरीने ते चौकटीला बांधले आणि देवाला पुन्हा सोडलं. घाटाच्या डाव्या कोपऱ्यात. तेव्हा कुठे सगळे प्रसाद खायला मोकळे झाले.

आता कळतंय की इथे सांगाडा तरंगायचाच असतो. तो परत काढतात, जपून ठेवतात आणि रथयात्रेच्या दिवशी त्याची पूजा करून त्यावरच नवी मूर्ती सुरू करतात. काही घरांत एकच लाकूड पिढ्यान्‌पिढ्या चालतं. गोराचाँदबाबू गेले नऊ महिने समजत होते की आम्ही तो कुठेतरी अदबीने ठेवलाय. आम्ही बुडवलाय, वजन बांधून, हे काकांनी सांगितल्यावर त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली म्हणे.

काका म्हणाले, "आपलं विसर्जन म्हणजे विसर्जन. मागे वळून बघायचं नसतं. यांचं सगळंच वेगळं."

रथयात्रा शुक्रवारी आहे. उद्या सांगाडा काढायचा.

२२ जून, रविवार

डाव्या हाताने डायरी धरवत नाही. मनगटाला पट्टी आहे.

गोराचाँदबाबूंनी आकडी लावलेला बांबू देऊन दोन माणसं पाठवली. गाठ मी बांधली होती म्हणून मीही कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. आकडी अडकली, चौकटीची एक कड वर आली. पेंढा कधीच गेलेला, नुसतं काळं लाकूड. त्याला सगळीकडे पिवळट, भिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे चिकटले होते. शेवाळाचाच काही प्रकार असावा, किंवा आमच्या प्रसादाचा अवशेष.

मी हात घातला आणि पाणी फुटलं. चांदीची फळी उभी राहिल्यासारखं काहीतरी अंगावर आलं. मनगट, मग मांडी, मग पुन्हा मनगट. आजारी मासा म्हणे. माणसांनी बांबू सोडला, चौकट खाली गेली, मी पायऱ्यांवर चारही पायांनी आलो. भादुरीबाबू खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी टाळी वाजवली; माझ्यासाठी नव्हे.

घरी लीनाने जखम धुतली. मी तिला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ती मध्येच थांबली.

"दाणे पिवळे होते? लाकडाला पक्के चिकटलेले?"

"साबुदाण्यासारखे. का?"

"काही नाही. ती चौकट राहू दे ना आणखी थोडे दिवस."

माझी काळजी वाटली असणार. बरं वाटलं. किती दिवसांनी तिने मला काही विचारलं.

२३ जून, सोमवार

सोसायटीची सभा. माझी पट्टी हा मुख्य पुरावा होता आणि मी तो सर्वांना नीट दाखवला. ठराव झाला: शुक्रवारी सकाळी जाळेवाल्यांना बोलवायचं, मासाही निघेल आणि सांगाडाही. चितळाचं वाटप कसं करायचं यावर सभा मूळ विषयापेक्षा जास्त चालली. पेटी अध्यक्षांना. भादुरीबाबूंचा आक्षेप नोंदवला गेला.

मी ठरावाच्या बाजूने हात वर केला, पट्टीचाच.

घरी येऊन लीनाला सांगितलं, शनिवारपासून तळं तुझं. वाटलं होतं, तिकिटाचा विषय तीच काढेल. ती म्हणाली, "तुला खरंच तो मासा मरायला हवाय?" मी म्हटलं, मला तू पोहायला हवी आहेस. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चष्मा पुसला.

२४ जून, मंगळवार

आज रजा टाकली. कारणाच्या रकान्यात प्रकृती लिहिलं, ती माझीच असं लिहिलं नाही.

दुपारी ऊन तिरपं झालं की त्या कोपऱ्यात पाण्यात आतपर्यंत दिसतं. पायरीवर पोटावर पडून पाहिलं. पन्नाशीच्या माणसाने असं पडलं की लोक पाणी आणतात, वॉचमनने आणलंही.

चितळ चौकटीच्या अगदी जवळ होता. डोकं खाली, अंग तिरपं, आणि पोटाखालची ती किनार सारखी हलती. वारा घालावा तशी. लाकडावर, त्या दाण्यांवर. थोडा वेळ एका बाजूने, मग वळून दुसऱ्या बाजूने. मधे हवेचा घोट घ्यायला वर आला, पण घोट घेतला की लगेच खाली; परवा वाटलं होतं तसा ऐटीत नव्हे. शिफ्ट सोडून चहाला गेलेल्या माणसाच्या घाईने.

मग एक तिलापिया मासा आला, तळहाताएवढा, चितळाच्या जेवणाच्या नेमक्या मापाचा. चौकटीकडे सरकला. चितळाने त्याला असा धक्का दिला की तो पाण्याबाहेर उडाला. पण खाल्ला नाही. आठवडाभर उपाशी असलेल्या शिकाऱ्याने समोर आलेलं ताट उधळून दिलं आणि परत येऊन वारा घालत बसला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजाडलं. साबुदाणा!

फोनवर वाचलं आणि माझ्या मूर्खपणाची खातरजमा झाली. चितळाची मादी पावसाळ्याच्या तोंडाला बुडालेल्या लाकडावर अंडी चिकटवते आणि जाते. राखण करतो नर. आधी जागा धरतो, मग अंड्यांवर शेपटीने पाणी खेळवतो, गाळ बसू देत नाही, जवळ येईल त्याला मारतो, पिल्लं निघाली की त्यांच्यामागेही काही दिवस असतो. या काळात खाणंपिणं नावाला. आणि नदीत पडलेली झाडं, खुंट असतात. आमच्या तळ्याला चारही बाजूंनी सिमेंट. लाकूड म्हणून जे पाण्यात जातं ते इथले शहाणे लोक परत काढतात. या तळ्यात आजवर एकच लाकूड खाली जाऊन राहिलं. ते राहिलं, कारण मराठी मंडळाला तरंगणारा गणपती बघवेना.

गेली किती वर्षं हे जोडपं या पाण्यात लाकडाची वाट बघत असेल? आणि शुक्रवारी जाळं येणार. ठरावावर माझीही सही आहे.

लीनाला सांगायला वर धावलो. ती पुस्तकं बांधत होती. ऐकून घेतलं. म्हणाली, "मग आता काय करणार?" तिला आश्चर्य वाटलं नाही, याचं मला जरा आश्चर्य वाटलं.

२५ जून, बुधवार

कुमारटुलीला गेलो. गोराचाँदबाबू बिनडोक्याच्या दुर्गांच्या रांगेत बसले होते. मी बंगालीत सुरुवात केली, त्यांनी दया येऊन हिंदीत उत्तर दिलं. सांगाडा मिळेल, पण आत्ता नाही, कारण त्यावर अंडी आहेत, असं सांगितलं. अशी सबब त्यांनी आजवर ऐकली नसावी. त्यांनी हातातली माती पुसली.

"किती दिवस?"

"आठवडाभर."

"उलट्या रथाला करू पूजा," ते म्हणाले. जगन्नाथाचा रथ परत फिरतो, तो दिवस. तोही चालतो. "गणेशाच्या लाकडावर बाळंतपण झालं तर मी कोण अडवणार? फक्त यापुढे बांधू नका, मोशाय. तरंगू द्या."

उरली सोसायटी. संध्याकाळी भादुरीबाबूंना खाली पायरीवर नेलं आणि दाखवलं. मी निसर्गाबद्दल बोललो, पितृत्वाबद्दल बोललो, जरा वाहवतही गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून विचारलं, "किती वाचतील?"

"शंभर तरी."

त्यांनी डोळे मिटले. शंभर पेट्या त्यांच्यापुढून जात असल्याचं मला दिसत होतं. मग उठले आणि थेट अध्यक्षांच्या दारी गेले. आठच्या सुमारास जाळेवाल्यांना नको म्हणून फोन गेला. मी उगाच सद्भावनेवर वेळ घालवला. लोभ हाच या देशातला खरा निसर्गप्रेमी आहे.

२७ जून, शुक्रवार

रथयात्रा. आवारातली पोरं पुठ्ठ्याचे रथ ओढत तळ्याभोवती फिरली. जाळं आलं नाही. दत्तात्रयकाका मुद्दाम आले, काठी टेकत पायऱ्यांपर्यंत गेले. बराच वेळ खाली बघत होते. "हलतोय," म्हणाले. मग, "मागे वळून बघायचं नसतं म्हणतात." आणि पुन्हा बघायला लागले.

लीनाही खाली आली होती. ती माशाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होती, असं वाटलं. मनगट बरं आहे, असं मी तिला सांगितलं.

२९ जून, रविवार

नीट लिहायला हवं.

पहाटे जाग आली तर लीना अंथरुणात नव्हती. खाली गेलो. ती तळ्यात होती. घाटापासून लांबच्या टोकाला, पलीकडच्या भिंतीलगत संथ हात मारत होती. मला पाहून काठाशी आली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"रोजच. एक दिवसही चुकवला नाही. त्याचा कोपरा सोडला, बस्स."

टॉवेल, मला आठवलं.

तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सांगलीला लहानपणी नदीच्या कडेच्या डोहात मरळ बघायची ती. मरळीची पिल्लं लाल ठिपक्यांच्या ढगासारखी वर येतात आणि जवळ गेलं की खालून आई किंवा बाप धडक देतो. मासा उगाच धडकत नाही, घर असलं की धडकतो, हे तिथल्या पोरांना ठाऊक असतं. साबुदाणा म्हटल्यावर तर शंकाच उरली नाही.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू भादुरींना विचारलंस."

मी काहीतरी बोलणार होतो. चांगलं होतं, जिभेवर आलं होतं. गिळलं.

मग मी तो प्रश्न विचारला जो पंधरा तारखेपासून याच वहीत पडून आहे आणि मीच त्याचं खोटं उत्तर लिहून ठेवलंय. "तिकीट शुक्रवारी काढलंस. मासा रविवारी आला. शुक्रवारी काय झालं होतं?"

ती पायरीवर बसली. केसांतून पाणी निथळत होतं. "काहीच झालं नव्हतं. मी तुला म्हटलं, अमृता गेल्यापासून घर फार मोठं वाटतं. तू म्हणालास, मग भाडं वाढवायला हवं." तिने केस पिळले. "मी काही बोलले की तू त्यावर विनोद करतोस, चारू. चांगले असतात. पण उत्तर नसतं त्यात."

मला तो विनोद आठवत होता. त्या दिवशी तो मला आवडलाही होता.

कोपऱ्यात चितळ वर आला, घोट घेतला, खाली गेला. आम्ही दोघांनी पाहिलं.

"दोन आठवडे त्याच्याकडे बघतोयस," लीना म्हणाली. "पोटावर पडून. एवढं बघता येतं तुला, हे मला माहीत नव्हतं."

मी तिच्या शेजारी ओल्या पायरीवर बसलो, आणि बसून राहिलो. ऊन येईपर्यंत तीच बोलत होती. तिच्या भावाच्या वरच्या मजल्याबद्दल, तिथल्या एका शाळेबद्दल, गेल्या वर्षी वारलेल्या तिच्या आईबद्दल, अशा गोष्टी ज्या मला ठाऊक आहेत असं मी धरून चाललो होतो. इथे लिहीत नाही. त्या तिच्या आहेत.

शेवटी खोकं काढू का, असं मी विचारलं. म्हणाली, राहू दे, उद्या एक बॅग घेऊनच जाते, खोकं मागाहून बघू.

३० जून, सोमवार

विमानतळावर सोडून आलो. परतीचं विचारलं नाही. घर खरंच मोठं आहे.

२ जुलै, बुधवार

पिल्लं! आज दुपारी चौकटीवर दाणे नाहीत. लाकडाजवळ केसासारखी काहीतरी वळवळ, शेकडोंनी. बाप त्यांच्याभोवती फेऱ्या घालतोय. लीनाला लगेच फोन केला. तिने विचारलं, कशी दिसतात, डोळे दिसतात का, वर येतात का. मी मधे एकदाही शहाणपणा केला नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आम्ही बराच वेळ बोलत होतो.

५ जुलै, शनिवार

उलटा रथ.

गोराचाँदबाबूंची माणसं सकाळी आली. चितळ दोन दिवसांपासून पिल्लांच्या मागे पाणवनस्पतीत सरकलाय, चौकटीकडे फिरकत नाही. मी स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरून गाठ सोडली; नायलॉन सुटत नव्हतं, कापलं. फरशीचे ठोकळे सुटताच सांगाडा आपणहून वर आला आणि तरंगायला लागला. काकांनी नमस्कार केला. लाकूड नेलं, पूजा झाली, आता त्यावर गणपती होईल.

कोपरा मात्र रिकामा झाला. पुढच्या पावसाळ्यात मादी येईल आणि सिमेंटच्या भिंतींना विचारत फिरेल. मी लीनाला फोन करून हेच सांगितलं, आणि विचारलं, काय टाकावं तिथे?

ती म्हणाली, "माळ्यावरचं खोकं टाक."

"बदलीचं?"

"जुनं सागवान आहे, वर्षानुवर्षं टिकेल पाण्यात. कड्या तेवढ्या काढ, गंजतील."

दुपारी वॉचमनच्या मदतीने खोकं उतरवलं. आत जुनी वर्तमानपत्रं होती, आणि अमृताचा एक लहानपणचा बूट. बूट ठेवून घेतला. खोकं पाण्यात सोडलं तर ते अर्थातच तरंगायला लागलं. तेच दोन ठोकळे, तोच मी. यावेळी गाठ नीट बसली. खोकं कडेवर कललं, बुडबुडे आले, गेलं.

पुन्हा फोन केला. म्हटलं, टाकलं. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "पण लीना, मग तुझं सामान कशातून पाठवू?"

तिकडून पंखा ऐकू येत होता, आणि कुणीतरी कुकर लावला होता.

"खोकं नीट तळाला बसलंय ना, तेवढं जाऊन बघून ये," ती म्हणाली.

मी बघून आलो.

बसलंय.